एच सिक्स की एच सेव्हन? भोसरीतल्या एका कारखान्याचे कॉन्फरन्स कॉल

हा कारखाना भोसरी एमआयडीसीत आहे आणि गिअरबॉक्सचे शाफ्ट बनवतो. टर्निंग भोसरीत होतं, हीट ट्रीटमेंट बाहेरून करून घेतात आणि शेवटचं ग्राइंडिंग रांजणगावच्या दुसऱ्या युनिटमध्ये होतं. मोठा ग्राहक चाकणला आहे, त्याचं डिझाइन ऑफिस जर्मनीत. कारखान्याचं आणि ग्राहकाचं नाव इथे देत नाही. माणसांचा उल्लेखही कारखान्यात त्यांना जी हाक मारतात तिनेच करतो. मालक म्हणजे साहेब, त्यांचा मुलगा दादा, क्वालिटी सांभाळणाऱ्या मॅडम, आणि रांजणगावच्या ग्राइंडिंगचे सुपरवायझर, ज्यांना साहेबांपासून हेल्परपर्यंत सगळेच मामा म्हणतात.

पूर्वी सोमवारी सकाळी सगळे भोसरीला साहेबांच्या केबिनमध्ये बसायचे. रांजणगाव तिथून साठेक किलोमीटर, पण वाटेत चाकणचा तळेगाव चौक आणि पुढे शिक्रापूरपर्यंतचा ट्रकांचा रस्ता. मामा आणि प्रॉडक्शनचे लोक जाऊन-येऊन निम्मा दिवस गाडीतच घालवायचे. म्हणून बैठक फोनवर गेली. निर्णय योग्यच होता. पण जागा बदलली तरी बैठकीची पद्धत तीच राहिली. तेच अकरा जण, तोच दीड तास, तोच क्रम: साहेब बोलणार, मग दादा, मग मॅडम, आणि वेळ उरला तर मामा. अकरा माणसांचा दीड तास म्हणजे दर आठवड्याला साडेसोळा मनुष्यतास. त्यात ठरायचं काय, हे विचारलं की केबिनमध्ये कोणालाच नीट सांगता आलं नाही.

साप्ताहिक कॉलशिवाय दर महिन्याला जर्मनीबरोबर एक कॉल असायचा, पहिल्या मंगळवारी दुपारी अडीचला. सगळं प्रकरण त्यातल्याच एका कॉलवरून उभं राहिलं.

मार्चअखेरचा आठवडा

भारतात घड्याळ वर्षभर एकच चालतं. युरोपात ते मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतो, उन्हाळ्यात साडेतीन. त्यांचे सकाळचे दहा म्हणजे आपले हिवाळ्यात दुपारचे अडीच, उन्हाळ्यात दीड. २०२५ मध्ये मार्चचा शेवटचा रविवार ३० तारखेला आला आणि त्याच दिवशी गुढीपाडवा होता. लगेच ३१ मार्च, म्हणजे आर्थिक वर्षाची अखेर. डिस्पॅच, बिलं, स्टॉक मोजणी यांची इतकी गडबड की युरोपचं घड्याळ सरकलंय हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. जर्मनीहून आलेल्या निमंत्रणात वेळ आपोआप बदलली होती, पण साहेब आणि मॅडम डायरीवर आणि सवयीवर चालत होते.

दादाच्या फोनवर दीड वाजता सूचना वाजली. तो गाडीत होता, तिथूनच जोडला गेला. मामांना त्याने फोन करून जोडून घ्यायला सांगितलं. मामा शॉपवरच होते आणि साध्या फोनने डायल करून आले. कॉलच्या पहिल्या दहा मिनिटांत तिकडचा डिझाइन इंजिनिअर म्हणाला की शाफ्टच्या २५ मिलिमीटर व्यासाच्या बेअरिंग सीटचं (बेअरिंग बसतं त्या भागाचं) टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, ड्रॉइंगच्या नव्या रेव्हिजनमध्ये एच सिक्स आहे. दादाने ऐकलं एच सेव्हन. एच सेव्हन आधीपासूनच होतं, त्यामुळे बदल काही नाही असं समजून तो म्हणाला, "ओके, नोटेड." मामांना सिक्स असंच ऐकू आलं होतं. ते म्यूटवर होते.

अडीच वाजता साहेब आणि मॅडम आले तोवर जर्मनीची माणसं कॉल सोडून गेली होती. चाकणचे खरेदीवाले अजून होते. त्यांच्याशी पॅकिंगच्या पेट्या परत कोणी न्यायच्या यावर चाळीस मिनिटं गेली.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. २५ मिलिमीटरच्या शाफ्टला एच सेव्हन म्हणजे व्यास शून्यापासून २१ मायक्रॉनपर्यंत लहान चालतो. एच सिक्समध्ये ही मुभा १३ मायक्रॉनवर येते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जुन्या मशीनवर २१ सांभाळणारा कारखाना १३ सांभाळेलच असं नाही, आणि ही गोष्ट सगळ्यांत चांगली मामांना माहीत होती. ग्राइंडिंगवरून उतरलेला तुकडा गरम असतो. तो मास्टर गेजपेक्षा, म्हणजे ज्या नमुन्यावर मापन जुळवतात त्यापेक्षा, दहा अंशांनी गरम असला तर २५ मिलिमीटरचं पोलाद सुमारे ३ मायक्रॉन फुगलेलं असतं. गेजवर बरोबर दिसलेला तुकडा थंड झाल्यावर तेवढा लहान निघतो. २१ मध्ये हे ३ खपून जातात. १३ मध्ये ते जवळपास पाव हिस्सा खातात. एप्रिलच्या दुपारी, पत्र्याच्या शेडखाली, हा हिशेब मामांच्या डोक्यात आपोआप चालू असतो.

नव्या ड्रॉइंगची सूचना मेलवर आली होती. ती मार्चअखेरच्या ढिगात न उघडता राहिली, कारण "बदल काही नाही" हे कॉलवर कळलंच होतं अशी समजूत होती. कॉलवर चुकीचं ऐकलेलं एक वाक्य लेखी कागदावर भारी पडलं.

लॉट जुन्या मापाने बनला आणि चाकणला गेला. तिथे इनकमिंग तपासणीत १३ ते २१ मायक्रॉनच्या मधले तुकडे बाजूला काढले गेले. माप मोठं असतं तर पुन्हा ग्राइंड करून वाचवता आलं असतं. पण लहान झालेल्या शाफ्टवर धातू परत चढवायची नेहमीची वाट म्हणजे हार्ड क्रोम, क्रोमियमचा थर देणं, आणि ग्राहकाला ती मान्य नव्हती. हे तुकडे भंगारात गेले. हीट ट्रीटमेंट आणि ग्राइंडिंगचा सगळा खर्च त्यांच्यात आधीच घातलेला होता.

मामा का बोलले नाहीत

८डी रिपोर्टमध्ये, म्हणजे चूक का झाली आणि उपाय काय हे ग्राहकाला कळवायच्या अहवालात, मूळ कारण म्हणून "संवादातील त्रुटी" असं लिहून कारखाना मोकळा झाला असता. मॅडमनी तसं होऊ दिलं नाही, आणि मला त्यांचं इथे मनापासून कौतुक आहे. त्या रांजणगावला जाऊन मामांशी बोलल्या. "मामा, तुम्ही सिक्स ऐकलं होतं?" "हो मॅडम." "मग बोलला का नाहीत?" मामा म्हणाले, दादांनी ओके म्हटलं म्हणजे नव्या मशीनचं काही ठरलं असेल असं वाटलं. शिवाय समोर इंग्रजी चाललेलं, मधेच तोंड घालायचं कसं.

या प्रकरणात मला सगळ्यांत जास्त लागलेली गोष्ट हीच आहे. ज्याच्याजवळ खरी माहिती होती तो माणूस कॉलवर हजर होता, जागा होता, नीट ऐकत होता. तरी त्याची माहिती कारखान्याच्या कामी आली नाही. केबिनमधल्या जुन्या बैठकांतही मामा फारसे बोलायचे नाहीत. पण तिथे ते खुर्चीत जरा हलले, किंवा गेज खिशातून काढून परत ठेवलं, की साहेबांच्या नजरेत यायचं. "काय मामा, पटत नाहीये ना?" एवढं त्यांनी विचारलं की पुरायचं. फोनवर गप्प राहिलेला माणूस सहमत आहे, नाराज आहे की चहा आणायला गेलाय, यातलं काहीच कळत नाही. साहेबांनी इतकी वर्षं जे डोळ्यांनी केलं होतं ते आता कोणीतरी तोंडाने करायला हवं होतं.

दुसरं कारण आवाजाचं. साध्या फोनने कॉन्फरन्सला जोडलं की आवाजातला साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झचा पट्टाच पुढे जातो. "स"ची धार बरीचशी ४००० हर्ट्झच्या वर असते. "सिक्स"ची ओळख त्याच्या शेवटच्या "क्स"मध्ये आहे. तो झिजला की उरलेल्या "सि" आणि "से" यांत, गाडीच्या आवाजात, फारसा फरक राहत नाही. मराठीत "सात" आणि "साठ" यांचीही फोनवर हीच गत होते, हे डिस्पॅचवाल्यांना विचारा.

तिसरं कारण उशिराचं. समोरासमोर बोलताना एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा भागच लागतो. दहा वेगवेगळ्या भाषांच्या बोलण्याची तुलना करून हे पाहिलं गेलं आहे. फोनवर आवाज पोचायलाच वेळ लागतो. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बोलणं सहज वाटतं, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. मोबाइल, इंटरनेट आणि सगळ्यांचे फोन एकत्र जोडणारा कॉन्फरन्सचा ब्रिज असं मिळून तो त्यापुढे गेला की दोघे एकदम सुरू होतात, दोघे एकदम थांबतात, आणि मग ज्याचा हुद्दा मोठा तोच बोलत राहतो. मामांसारखा माणूस एकदा असा आदळला की पुन्हा प्रयत्न करत नाही.

काय बदललं

पहिला बदल वाराचा. पिंपरी-चिंचवड आणि भोसरी पट्ट्यातल्या बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. म्हणजे कारखान्याचा आठवडा बुधवारी रात्री संपतो आणि शुक्रवारी सुरू होतो. तरी आढावा सोमवारी, कारण ऑफिसात आढावा सोमवारीच घेतात असा रिवाज. त्यामुळे दर सोमवारी अर्धवट आकडे वाचले जायचे आणि निम्म्या प्रश्नांना "बुधवारी कळेल" हे उत्तर असायचं. कॉल शुक्रवारी सकाळी साडेनऊला नेला. आदल्या आठवड्याचं उत्पादन, रिजेक्शन, शिल्लक स्टॉक हे सगळं मॅडम बुधवारी रात्री ग्रुपवर टाकतात. कॉलवर ते वाचून दाखवायला बंदी आहे. ज्याने पाहिलं नाही त्याने नंतर पाहावं. एवढ्या एका गोष्टीने कॉल निम्मा झाला, आणि माझ्या मते छोट्या कारखान्यांनी सगळ्यांत आधी करायचं काम हेच.

अजेंडा पूर्वी "रिजेक्शन", "डिस्पॅच", "मशीन मेंटेनन्स" असा असायचा. या शब्दांवर कोणीही कितीही वेळ बोलू शकतो. आता प्रत्येक मुद्दा प्रश्न म्हणून लिहायचा आणि त्याचं उत्तर कोण देणार तेही लिहायचं. "ग्राइंडरचा स्पिंडल या महिन्यात दुरुस्तीला काढायचा की पुढच्या? निर्णय: साहेब. माहिती: मामा." असा मुद्दा असला की ज्याचं त्यात काम नाही त्याला कळतं की आपण आलो नाही तरी चालेल. अकरांचे सहा झाले, दीड तासाचा अर्धा. साडेसोळा मनुष्यतासांचे तीन. पेट्यांचा प्रश्न प्रश्नरूपात लिहायला घेतल्यावर लक्षात आलं की तो दोन माणसांच्या पाच मिनिटांच्या फोनचा आहे.

बोलण्याचा क्रम उलटा केला. आधी मशीनजवळचा माणूस, मग क्वालिटी, मग दादा, साहेब शेवटी. कॉल चालवायचं काम मॅडमकडे आलं आणि त्या प्रत्येकाला नाव घेऊन विचारतात. "कोणाला काही बोलायचंय का?" हा प्रश्न त्यांनी बंद केला, कारण फोनवर त्याचं उत्तर नेहमी शांतताच असतं. त्याऐवजी, "मामा, हे माप तुमच्या मशीनवर निघेल का?"

साहेबांना हे जड गेलं. प्रश्न विचारायचा आणि कोणी तोंड उघडायच्या आत त्याचं उत्तरही आपणच द्यायचं, ही त्यांची जुनी सवय. ती वाईट हेतूची नव्हे. ज्या माणसाने एका लेथवर धंदा सुरू केला त्याला बहुतेक उत्तरं खरंच माहीत असतात. पण साहेबांनी एकदा मत दिलं की पुढे सगळे त्याच मताचे होतात आणि बैठक तिथेच संपते. मॅडमनी त्यांना सरळच सांगितलं, "साहेब, तुम्ही शेवटी बोललात तर मला खरं काय ते ऐकायला मिळेल." साहेबांनी ते मानलं. कारखान्यात बदल टिकला तो यामुळे. अर्थात अजूनही एखाद्या शुक्रवारी ते मधेच सुरू होतात, आणि मॅडमना "साहेब, मामांचं होऊ द्या" म्हणावं लागतं.

केबिनमधला स्पीकरफोन काढून टाकला. भोसरीचे पाच जण एका स्पीकरभोवती बसायचे, म्यूट करून आपसात बोलायचे, हसायचे, ठरवायचे, आणि रांजणगावला एकटे मामा कानाला फोन लावून त्या शांततेचा अर्थ लावत बसायचे. आता नियम असा की एक जण जरी लांब असेल तरी सगळ्यांनी आपापल्या फोनवर, हेडसेट लावून बसायचं, शेजारच्या टेबलावर असले तरी. सुरुवातीला लोकांना हे विचित्र वाटलं. मला हा नियम फार न्याय्य वाटतो, कारण यात लांबच्या माणसाला जितकं ऐकू येतं तितकंच जवळच्यालाही येतं.

माप, संख्या आणि तारीख परत म्हणून दाखवायची, आणि ती दोन रीतींनी. "एच सिक्स, म्हणजे तेरा मायक्रॉन." "साठ पेट्या, सहा शून्य." सिक्स आणि सेव्हन यांत घोटाळा होईल, तेरा आणि एकवीस यांत होत नाही. दादाने त्या दिवशी "ओके, नोटेड"ऐवजी "एकवीस मायक्रॉन ना?" एवढं म्हटलं असतं तर जर्मनीहून लगेच "नाही" आलं असतं.

मिनिट्स पूर्वी दोन-अडीच पानांच्या असायच्या आणि चार दिवसांनी यायच्या. आता पाच ओळी, त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी. प्रत्येक ओळीत कोण, काय, कोणत्या तारखेपर्यंत. "बघून घेऊ" असं कोणी म्हणालं तर मॅडम ते लिहितच नाहीत, तारीख मिळेपर्यंत विचारत राहतात. ग्राहकाच्या कॉलनंतर त्याच ओळी ग्राहकालाही जातात आणि खाली एक वाक्य असतं: यात काही चुकलं असल्यास उद्या दुपारपर्यंत कळवावे. टॉलरन्सचा घोळ पुन्हा झाला तर तो या पायरीवर सापडेल. पुढचा कॉल याच पाच ओळींपासून सुरू होतो.

जर्मनीचा कॉल

साप्ताहिक कॉल कारखान्याच्या हातात होता. जर्मनीचा नाही. तिथली भाषा इंग्रजीच राहणार आणि क्रमही त्यांचाच. म्हणून कारखान्याने त्याच्या आधी आपला एक छोटा कॉल सुरू केला, पूर्ण मराठीत, वीस मिनिटांचा. त्यात मामा, मॅडम आणि दादा एवढेच. नवं ड्रॉइंग आलं आहे का, हे पोर्टलवर तिथल्या तिथे उघडून बघायचं. मामांचे प्रश्न मॅडम इंग्रजीत लिहून जर्मनीला आधीच पाठवतात, "ग्राइंडिंग सुपरवायझरचे प्रश्न" असं शीर्षक देऊन. यातून एक वेगळीच गोष्ट घडली. तिकडचा डिझाइन इंजिनिअर आता कॉलवर स्वतःहून विचारतो, ग्राइंडिंगचं यावर काय म्हणणं आहे? मग दादा मराठीत विचारतो, मामा मराठीत सांगतात, दादा इंग्रजीत मांडतो. यात वेळ जातो, आणि तो जायलाच हवा. गरम तुकड्याचा आणि मास्टरचा मुद्दा मामांनी असाच मांडला. त्यातून तपासणीआधी तुकडे किती वेळ थंड होऊ द्यायचे आणि मास्टर मशीनजवळच का ठेवायचा, हे दोन्ही बाजूंनी मिळून ठरवलं.

घड्याळाचा प्रश्न सोपा होता. मार्च आणि ऑक्टोबरचे शेवटचे रविवार भोसरीच्या कॅलेंडरवर लाल पेनाने खुणा करून टाकले. निमंत्रणात दोन्हीकडची वेळ लिहिली जाते.

काही गोष्टी करून पाहून सोडल्या. कॉल रेकॉर्ड करायला लागल्यावर लोक मोजून-मापून बोलायला लागले आणि मामा तर हो-नाहीवरच आले. रेकॉर्डिंग बंद केलं. आपोआप लिहून देणाऱ्या सोयीला मराठी, हिंदी आणि इंग्रजी एकाच वाक्यात आलेलं पेलेना. मायक्रॉनचे आकडे तर हमखास चुकायचे. व्हिडिओ ठेवला, पण फक्त तुकडा किंवा गेज दाखवायचं असेल तेव्हाच. तेव्हा मात्र तो फार उपयोगी पडतो, कारण ग्राइंडिंगवरचा बर्न मार्क (उष्णतेने पडलेला करपल्याचा डाग) शब्दांत सांगण्यापेक्षा कॅमेऱ्यासमोर धरलेला बरा.

एक गाठ अजून सुटलेली नाही. हीट ट्रीटमेंटवाले शुक्रवारच्या कॉलवर येत नाहीत. त्यांच्या भट्टीत पाच-सहा कारखान्यांचा माल असतो आणि प्रत्येकाच्या आढाव्याला बसायचं तर भट्टी कोण बघणार, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण शाफ्टची कठिणता आणि वाक त्यांच्याकडेच ठरतो आणि ग्राइंडिंगला किती मटेरियल सोडायचं हे त्यावर अवलंबून असतं. सध्या मॅडम कॉल संपला की त्यांना वेगळा फोन करतात, मामांचा एकच प्रश्न विचारतात, आणि त्यांचं उत्तर मिनिट्समध्ये सहावी ओळ म्हणून जातं.